सोलापूरच्या छतांना बुरशी का लागते?

सोलापूरची ओळख उन्हाची. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पाऊसही बेताचाच. कोकणात एकट्या जुलैमध्ये जेवढा पाऊस कोसळतो, तेवढा सोलापूर जिल्ह्याला वर्षभरातही लाभत नाही. अशा कोरड्या शहरात घराच्या छतावर काळे-हिरवे डाग पडावेत, रंगाचे पापुद्रे सुटावेत आणि खोलीत शिरताच कुबट वास यावा, हे वरकरणी विसंगत वाटते. तरीही दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात शहरातील अनेक घरांत हेच दृश्य असते. मग दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगारी बोलावला जातो, डाग खरवडून त्यावर लांबी भरली जाते, दोन हात रंग दिला जातो आणि लक्ष्मीपूजनाला छत पांढरेशुभ्र दिसते. संक्रांतीच्या आसपास डाग पुन्हा डोके वर काढतात. दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो, नाहीतर रंगाऱ्याला. बहुतेक वेळा तो दोघांचाही नसतो. काम चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या महिन्यात झालेले असते.

बुरशी म्हणजे छतातून उगवलेला रोग नव्हे. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र, बारा महिने तरंगत असतात. कोणतेही घर त्यांच्यापासून मुक्त नाही आणि ते मुक्त करण्याचा प्रयत्नही व्यर्थ आहे. बीजाणूंना रुजण्यासाठी अन्न आणि ओल एवढ्या दोनच गोष्टी लागतात. छतावर साचलेली धूळ, स्वयंपाकघरातील तेलकट थर, डिस्टेंपरमधील चिकट द्रव्ये, पीओपीच्या सजावटीमागील कागद, यांपैकी काहीही त्यांना पुरते. म्हणजे अन्न प्रत्येक घरात आहेच. कमतरता असते ती ओलीची. पृष्ठभागालगतच्या हवेतील आर्द्रता काही दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली, की रुजवण सुरू होते. प्रत्यक्ष भिजलेली वस्तू मात्र एक-दोन दिवसांत वाळली, तर बहुधा बुरशी धरत नाही. या विषयातील सारे उपाय या एका वाक्यात सामावलेले आहेत, आणि बाजारातील बहुतेक बुरशीनाशके नेमके तेच वाक्य विसरायला लावतात.

कोरड्या गावातील ओल

मग सोलापुरात ही ओल येते कोठून? तिचे पहिले कारण म्हणजे ऊनच. उन्हाळ्यात हवा बेचाळीस अंशांवर असते तेव्हा गच्चीचा काँक्रीटचा पृष्ठभाग तिच्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. रात्री तो निवतो. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या या गच्चीवर एखाद्या सायंकाळी वळवाची सर येते आणि काही मिनिटांत पृष्ठभाग थंड होतो. रोजच्या या प्रसरण-आकुंचनाने गच्चीच्या कोब्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. विशेषतः गच्ची आणि कठडा जेथे मिळतात, त्या सांध्याला त्या आधी दिसतात. गवंडी या कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा काढतात तो याचसाठी. वाटा सुटला, की पाण्याला वाट मिळते.

दुसरे कारण पाण्याच्या टंचाईचे आहे. उजनी धरण शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर. गेली कित्येक वर्षे सोलापूरकरांनी काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या हिशेबाने संसार केला आहे. त्यामुळे घरोघरी साठवणुकीची सोय आली. गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या, एकाला जोडून दुसरी, शिवाय पिंपे. पाणी येते ते बऱ्याचदा अवेळी. मोटर सुरू करून ठेवली जाते आणि टाकी भरून वाहू लागल्याचे कोणाच्या लक्षात येईपर्यंत अर्धा तास उलटतो. टाकीखालची जागा उन्हाळ्यातही ओली राहते. तिला ऊन लागत नाही, वारा लागत नाही आणि झाडूही लागत नाही. ज्या घराच्या छतावर मे महिन्यात डाग दिसतो, त्या घरात पावसाला जबाबदार धरण्यापूर्वी वर जाऊन टाकी कोठे आहे ते पाहावे. टंचाईच्या शहरात पाण्यामुळेच छत कुजावे, हा योगायोग कडवट आहे.

तिसरे कारण पावसाच्या वेळेचे. सोलापुरात सर्वाधिक पावसाचा महिना जुलै नव्हे, तर सप्टेंबर. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर येथील रब्बीची ज्वारी पोसते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मुरलेली हीच ओल पुढे चार महिने पीक जगवते. काँक्रीटही थोडेफार रानासारखेच वागते. सप्टेंबरअखेर भरलेली ओल ते पुढे बराच काळ सोडत राहते. आणि नेमक्या त्याच दिवसांत दसरा व दिवाळी येतात. २०२५ सालचे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी सप्टेंबरच्या उत्तरार्धात अतिवृष्टी झाली, सीना नदीला महापूर आला आणि करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठ पाण्याखाली गेला. दसरा २ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. एवढ्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांत छत वाळणे शक्य नव्हते, पण सणाला रंग हवाच. ओल्या छतावर दिलेला रंग म्हणजे ओल्या अंगावर चढवलेला रेनकोट. आतले पाणी बाहेर पडू शकत नाही. ते रंगाच्या थरामागे थांबते, फुगे धरते आणि बुरशीला हवी असलेली ओल आणि अन्न दोन्ही एकाच जागी पुरवते.

या तिन्हींखेरीज घरातच तयार होणारी वाफ आहे. लहान घरात स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे वाळत घालणे एकाच छताखाली चालते. बिडी कामगारांच्या घरांत तेंदूची पाने मऊ करण्यासाठी पाण्यात भिजवून ठेवतात. तीही खोलीला ओलावा देतात. कूलरचेही तसेच. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो वरदान ठरतो. जूनमध्ये हवा दमट झाल्यावरही खिडक्या लावून तो चालू ठेवला, तर खोलीत केवळ ओलावा भरत राहतो. पत्र्याच्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि घरातील वाफ त्याच्या खालच्या बाजूस दवासारखी जमते. पहाटे अंथरुणावर पडणारे थेंब गळतीचे असतातच असे नाही.

माळवदाचे शहाणपण

जुन्या सोलापूर भागातील आणि खेड्यांतील माळवदांना ही अडचण अगदी नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, परंतु तिचे स्वरूप वेगळे होते. लाकडी तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या, मग कडुनिंबासारख्या झाडाचा पाला आणि वर मातीचा जाड थर, त्यातही शेवटी पांढऱ्या मातीचा, अशी ही रचना. ही चिकण माती भिजली की फुगते आणि स्वतःच्याच भेगा मिटवते. मातीचे छत ओल शोषून घेई आणि ऊन पडताच सोडूनही देई. खाली चूल पेटलेली असे. धुराने तुळया काळ्या पडत, पण कोरड्या राहत. छतातील साण्यातून धूर आणि वाफ दोन्ही बाहेर जात. दरवर्षी मृगापूर्वी माळवदावर नवी माती टाकणे, ती चोपणे, पन्हळी मोकळ्या करणे हे काम शेतीच्या कामांइतकेच ठरलेले होते.

चूल गेली, साणे बुजले आणि माळवदाखाली पीओपी किंवा प्लास्टिकचे खोटे छत आले, की हेच घर बुरशीचे माहेरघर होते. शिवाय माती दरवर्षी वाढत गेल्याने माळवदाचे वजन प्रचंड होते. संततधार पावसात ते भिजून आणखी जड झाले, की कुजलेल्या तुळया दगा देतात. प्रत्येक मोठ्या पावसानंतर जिल्ह्यातून माळवद कोसळल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. माळवदाखालच्या तुळईला बुरशी दिसली, तर पुसण्यापूर्वी तिच्यात जाड सुई किंवा स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो लोण्यासारखा आत गेला, तर त्या खोलीत झोपणे त्याच दिवशी थांबवावे.

जुन्या घरांतील चुन्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ताजा चुना अत्यंत क्षारधर्मी असतो आणि त्यावर बुरशी सहसा धरत नाही. शिवाय चुन्याचा थर श्वास घेतो, भिंतीतील ओल अडवत नाही. चुना हाताला लागू नये म्हणून त्यात सरस किंवा डिंक घालण्याची पद्धत मात्र छतासाठी गैरसोयीची. सरस आणि डिंक हे बुरशीचे आवडते खाद्य. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे चुन्याचा क्षारधर्म वर्षा-दोन वर्षांत ओसरतो, म्हणून तो वरचेवर द्यावा लागतो. आजच्या घाईच्या संसारात तो मागे पडला, हे समजण्यासारखे आहे. पण स्नानगृह आणि कोठीच्या खोलीच्या छतासाठी तो आजही महागड्या रंगापेक्षा वाईट नाही.

आधी निदान

डाग कोणता, हे ओळखल्याखेरीज हात लावू नये. पांढरा, भुसभुशीत, मिठासारखा थर म्हणजे बुरशी नव्हे, तो लोणा. गिलाव्यातील आणि विटांतील क्षार पाण्यासोबत पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहतात. लोणा पाण्यात विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोण्यावर बुरशीनाशक फासणे म्हणजे पैसे वाया घालवणे. काळा डाग धुराचा की बुरशीचा, असा संशय असेल, तर त्यावर घरगुती ब्लीचचा एक थेंब लावून दोन मिनिटे थांबावे. बुरशी फिकी पडते, काजळी तशीच राहते.

डागाचा आकारही बरेच सांगतो. कडेला तपकिरी वर्तुळ असलेला, ढगासारखा एकाच ठिकाणचा डाग गळतीचा. कोपऱ्यांत, कपाटामागे किंवा न्हाणीच्या छतभर विखुरलेले काळे ठिपके वाफेचे. तरीही शंका उरली, तर फूटभर प्लास्टिकचा तुकडा छतावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून एक-दोन दिवस ठेवावा. प्लास्टिक आणि छत यांच्यामध्ये थेंब जमले, तर पाणी स्लॅबमधून येते आहे. थेंब खोलीच्या बाजूने दिसले, तर ते खोलीतील हवेतले. गच्चीवर पाणी साठवून ठेवण्याची परीक्षा गवंडी सुचवतात. पण जेथे पिण्याचे पाणी मोजून वापरावे लागते तेथे ती सर्वांना परवडणार नाही. वाटा, पन्हळीचे तोंड, टाकीखालची जागा असे एकेक भाग वेगवेगळ्या दिवशी भिजवून खाली लक्ष ठेवले तरी काम भागते.

गळतीचा उगम सापडला, की आधी तो बंद करावा. पाने आणि पिशव्यांनी बुजलेले पन्हळीचे तोंड मोकळे करण्यास दहा मिनिटे लागतात आणि कित्येक घरांची गळती तेवढ्यानेच थांबते. टाकी विटांच्या किंवा लोखंडी चौकटीवर उचलून ठेवावी, म्हणजे खालून वारा खेळेल. मोटरला पाणी भरताच बंद होणारा फ्लोट स्विच बसवावा. कोबा नव्याने करायचा असेल, तर तो मे महिन्यात करू नये. लोकांना तोच काळ सोयीचा वाटतो. पण त्या उन्हात सिमेंटमधील पाणी घट्ट होण्याआधीच उडते, भेगा पडतात आणि शिंपायला पाणीही नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यासाठी उत्तम.

साफसफाई आणि रंग

जगभर मान्य असलेला एक साधा ठोकताळा असा, की डाग तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा मोठा नसेल तर घरच्या घरी साफ करण्यास हरकत नाही. मोठा असेल, तर काम जाणत्याकडे सोपवावे. दमा असलेल्यांनी, लहान मुलांनी आणि वृद्धांनी त्या वेळी खोलीत थांबू नये. एन-९५ मुखपट्टी, चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत. छताचे काम डोक्यावरचे असल्याने द्रव डोळ्यांत पडण्याचा धोका भिंतीपेक्षा अधिक. पंखा बंद ठेवावा, खिडक्या उघडाव्यात. डाग कोरडा खरवडू नये. त्याने बीजाणू घरभर उडतात. आधी फवाऱ्याने ओला करावा, मग साबणाच्या पाण्याने घासून पुसून घ्यावा, आणि वापरलेले फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. हा साबणाचा टप्पा लोक वगळतात, वास्तविक निम्मे काम त्यानेच होते. ब्लीच वापरायचेच असेल, तर एका वाटीला सोळा वाट्या पाणी या प्रमाणात. ते सच्छिद्र गिलाव्याच्या आत शिरत नाही, त्यामुळे त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. मेलेली बुरशीही शिंका आणते, म्हणून ती मारण्यापेक्षा काढून टाकणे महत्त्वाचे.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया असलेला क्लीनर कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतो. दोन औषधे एकत्र केली की गुण दुप्पट, ही समजूत येथे घातक आहे.

पीओपी किंवा जिप्समची तख्ती भिजून फुगली असेल, तर ती धुऊन वाचत नाही, काढून टाकावी. फुगलेला गिलावाही पक्क्या भागापर्यंत उकरावा. त्यानंतर येतो सर्वांत कठीण टप्पा, वाट पाहण्याचा. ऑक्टोबरची उष्णता या बाबतीत सोलापूरकरांची मित्र आहे. तरी पाच-सहा इंचांचा भिजलेला स्लॅब वाळायला कित्येक आठवडे लागतात. प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा करावी आणि थेंब जमणे थांबल्यावरच रंगाऱ्याला बोलवावे. ज्या घराचे छत गळले आहे, त्याने दिवाळीला भिंती रंगवाव्यात आणि छत पाडव्यासाठी राखून ठेवावे. पाहुण्यांना एक डागाळलेले छत दिसेल, एवढेच. हा सल्ला घरात फारसा लोकप्रिय होणार नाही. पण दरवर्षीच्या रंगखर्चाशी तुलना केली तर तो स्वस्त आहे. नव्या इमारतीत राहायला गेलेल्यांनीही पहिली दोन वर्षे छताला श्वास घेऊ देणारा साधा रंगच द्यावा. नव्या काँक्रीटमध्ये बांधकामाचेच पुष्कळ पाणी शिल्लक असते.

डागामागचा धोका

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा आणि श्वसनमार्गाच्या तक्रारी अधिक होतात, हा त्यांचा निष्कर्ष. काळी बुरशी विषारी आणि हिरवी निरुपद्रवी, अशी रंगावरून प्रतवारी मात्र करता येत नाही. क्षयरोगातून बरे झालेल्यांच्या फुप्फुसांत उरलेल्या पोकळीत ॲस्परजिलस नावाची बुरशी घर करू शकते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. ती छतावरूनच येते असे नव्हे, पण अशा व्यक्तीचे अंथरूण डागाळलेल्या छताखाली असू नये, एवढे तरी पाहता येते. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्काने त्याचा श्वसनविकार बळावल्याचा निर्णय नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत देण्यात आला. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे लागू झाला असून, सामाजिक गृहनिर्माणातील घरमालकांना ओलीची तक्रार ठरावीक मुदतीत तपासणे बंधनकारक आहे.

दुसरा धोका स्लॅबच्या पोटातला. सळ्यांवर काँक्रीटचे आवरण जेमतेम २० मिलिमीटरचे असते. ओल तेथवर पोहोचली, की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि आवरण खाली ढकलतो. डागात सरळ रेषेत तपकिरी ओघळ दिसले किंवा काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तो रंगाऱ्याचा विषय राहिला नाही. संरचना अभियंत्याला दाखवावे आणि खालचा पाळणा, पलंग हलवावा.

खर्च कोणी करायचा, यावरून सोसायट्यांत भांडणे होतात. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची असते; वरच्या सदनिकेच्या न्हाणीतून झिरपणाऱ्या पाण्याची जबाबदारी त्या सदस्याची. नव्या घराच्या बाबतीत २०१६ च्या रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य, कळवल्यापासून तीस दिवसांत दूर करायचे असतात. भाडेकरूंसाठी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात घर दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकलेले आहे. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केले, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच. यांपैकी कोणताही मार्ग धरायचा, तर डागाची छायाचित्रे तारखेसह आणि लेखी तक्रारीची पोच हाताशी हवी. ती रंग देण्याआधी काढलेली असावीत, कारण रंगाखाली गेलेल्या डागाचा पुरावा उरत नाही.